वानखेडे मॅडमचा ‘हव’

वानखेडे मॅडम फोन उचलल्यावर ‘हॅलो’ म्हणत नसत. रिसीव्हर कानाला लावायच्या आणि म्हणायच्या, “हव.” पलीकडचा माणूस गोंधळायचा. त्यानं अजून काही विचारलेलंच नसायचं आणि इकडून होकार येऊन गेलेला. तो जरा थांबून आपलं नाव सांगायचा. “हव.” कुठल्या खात्यातून बोलतोय ते सांगायचा. “हव.” एकदा बोलायला लागला की मग त्याला थांबता यायचं नाही. फोन ठेवल्यावर मॅडम म्हणायच्या, “लई बोलते बापा हा माणूस.”

हव म्हणजे हो. छत्तीसगढीतला अगदी रोजचा शब्द. रायपुरात भाजीवाली म्हणते, रिक्षावाला म्हणतो, आमच्या शेजारच्या काकू म्हणतात. मॅडम मराठी, घराणं वर्ध्याकडचं, पण त्यांचा जन्म इकडचाच, एका लहानशा स्टेशनाजवळच्या रेल्वे क्वार्टरमधला. त्यामुळे हा शब्द त्यांच्या तोंडी असण्यात नवल नव्हतं. नवल होतं ते त्यांच्या म्हणण्यात. समोरच्याचं वाक्य संपत आलं की त्यांची हनुवटी किंचित खाली जायची आणि मग ‘हव’ यायचा. जोरात नाही, हळूही नाही. कुणी आपल्या हातात काहीतरी द्यावं आणि आपण ते जपून खाली ठेवावं, तसा.

मी त्यांना भेटले तेव्हा राज्य नवं होतं. रायपूर राजधानी होऊन फार दिवस झाले नव्हते आणि कार्यालयं मिळेल त्या इमारतीत भरली होती. आमच्या खोलीबाहेरच्या पाटीवर आधीच्या खात्याचं नाव पांढऱ्या रंगाखालून अजून दिसायचं. भोपाळहून बदलून आलेले लोक भोपाळच्या गोष्टी करत बसायचे आणि इथले लोक आपल्याच गावात पाहुण्यासारखे वागायचे. मला तिथं कंत्राटी काम होतं, दिल्लीला जाणारी इंग्रजी पत्रं लिहायचं. मॅडम त्याच खोलीत आवक-जावक बघायच्या. कार्यालयात येणारं आणि कार्यालयातून जाणारं सगळं टपाल त्यांच्या हातून जायचं. रिटायर व्हायला त्यांना फार वर्षं उरली नव्हती. लग्न केलेलं नव्हतं. पुरानी बस्तीत भाड्याच्या दोन खोल्यांत एकट्या राहायच्या.

मी तेव्हा बोलत नसे. घरी आई मराठीत बोलायची, मी हिंदीत उत्तर द्यायचे, आणि शाळा सगळी इंग्रजी. इतक्या भाषा येत असून एकाही भाषेत वाक्य शेवटपर्यंत न्यायचा धीर मला होत नसे. पहिल्याच आठवड्यात मॅडमनी मला गाठलं.

“तू कुठची वं पोट्टी?”

“यहीं की. मतलब, पापा नागपुर के हैं, रेलवे में...”

“मराठी येते ना मग तुले?”

“समझती हूँ.”

“समजते, तर बोलत काहून नाहीस?”

“गलत हो जाता है.”

“होऊ दे नं गलत. मी का तुझा पेपर तपासून राहिली? तू सांग, मी हव म्हणतो.”

मग मी मोडक्या मराठीत काहीतरी सांगायला लागले. बहुतेक आमच्या क्वार्टरच्या नळाला पाणी कसं येत नाही ते. प्रत्येक वाक्यानंतर त्यांचा हव येत गेला. माझं वाक्य मध्येच अडकलं की त्या शब्द पुरवायच्या नाहीत, नुसत्या थांबायच्या. हनुवटी तशीच वर, वाट बघत. ती हनुवटी खाली यावी म्हणून मला वाक्य संपवावंच लागायचं. ही शिकवणी होती की त्यांचा दुपारचा टाइमपास, हे मला आजही माहीत नाही.

त्यांच्या बाबतीत असंच व्हायचं. एकदा भोपाळहून आलेले एक मोठे साहेब तणतणत आमच्या खोलीत आले. त्यांचं कुठलंसं पाकीट भलत्याच खात्यात गेलं होतं. मॅडम उभ्या राहिल्या.

“यह लापरवाही है, मैडम!”

“हव.”

“भोपाल में ऐसा कभी नहीं होता था.”

“हव.”

“वहाँ स्टाफ था, जगह थी. यहाँ क्या है?”

“हव.”

“मुझे खुद अभी तक मकान नहीं मिला. गेस्ट हाउस में पड़ा हूँ. बच्चे वहाँ, मैं यहाँ.”

“हव,” मॅडम म्हणाल्या, आणि साहेब माझ्या समोरच्या खुर्चीत बसले. मग चहा आला. मुलाचं गणित, बायकोची पाठदुखी, गेस्ट हाउसमधली पातळ डाळ, सगळं निघालं. जाताना साहेब पाकिटाबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. उलट जरा शरमल्यासारखे वाटले.

ते गेल्यावर मी विचारलं, “मॅडम, तुम्ही हे मुद्दाम करता?”

“काय करतो?”

“हव.”

“मी काय केलं? तो बोलून राहिला होता, मी ऐकून राहिली होती.” आणि त्या पाकिटांना डिंक लावायला लागल्या.

त्या फार भोळ्या होत्या की फार हुशार, हे ठरवायचा मी त्या दिवशी प्रयत्न केला. नंतर सोडून दिला.

टीव्हीवरच्या मालिका त्यांना आवडत नसत. “त्याच्यात हव म्हणायले जागाच ठेवत नाहीत,” अशी त्यांची तक्रार होती. कुणी बोलता बोलता मध्येच उठून जायला लागलं तर मॅडम त्याचं मनगट धरायच्या. “पूर्ण करून जा. अर्धवट सांगून गेला तर रात्रभर मले झोप नाही.” शिपाई भैयानं एकदा साळ्याच्या लग्नातलं भांडण अर्धं सांगितलं आणि साहेबांची घंटी वाजली म्हणून पळाला. तर मॅडम संध्याकाळी त्याच्या सायकलपाशी उभ्या. “मग? वरात परत गेली का?”

पण हे सगळं वरवरचं. त्यांचा खरा जीव होता एका कॅसेटवर.

मधल्या सुट्टीत डबा संपला की त्या कपाटातून एक छोटा टेपरेकॉर्डर काढायच्या. कॅसेट एकच. सदर बाजारातल्या एका दुकानातून कधीकाळी घेतलेली. कव्हरवर मंगतिन बाईंचा फोटो: गोल चेहरा, कपाळभर टिकली, एका हातात तंबुरा आणि दुसरा हात असा वर केलेला, की आता हा हात कुणाच्या तरी डोक्यावर पडणार. मंगतिन बाई गाथा गायच्या. थोडं गाणं, थोडं बोलणं, मध्येच नक्कल, मध्येच शिवी. मला छत्तीसगढी अर्धीच समजायची. उरलेलं मॅडम समजावून द्यायच्या, पण फक्त कॅसेट संपल्यावर. चालू असताना नाही. चालू असताना त्या हव म्हणायच्या.

इकडे गाथा ऐकण्याचा एक रिवाज आहे. ऐकणाऱ्यानं गप्प बसायचं नाही. सांगणारीच्या प्रत्येक ओळीला कुणीतरी होकार भरायचा, त्याला हुंकारू म्हणतात. स्टेजवर या कामाला एक साथीदार बसलेला असतो, तो रागी. हुंकारू थांबला तर सांगणारी थांबते. आणि ज्यानं हुंकारू भरला त्यानं गोष्ट शेवटपर्यंत ऐकायची. मध्ये उठायचं नाही. हे सगळं मॅडमनी मला इतक्या गंभीरपणे सांगितलं, की हा नियम मोडला तर काय होतं, हे विचारायचं माझं धाडस झालं नाही.

“आमची आई लग्न होऊन इकडं आली तवा तिले एक अक्षर समजत नव्हतं इथलं,” त्या एकदा म्हणाल्या. “बाप ड्यूटीवर. क्वार्टरच्या मागं नुसतं रान. एका गँगमनची बायको रोज दुपारी येऊन बसे अन् आईले गाथा सांगे. आई समजो न समजो, हव म्हणे.”

“समजत नव्हतं तरी?”

“नाही म्हटलं असतं तर ती बाई उद्या आली असती का?”

कॅसेटवरची गाथा सोनई नावाच्या केवटिणीची होती. सोनई नदीच्या घाटावर नाव चालवते. तिचा भाऊ लहानपणी पलीकडच्या काठाला गेला तो आलाच नाही. म्हणून ती पलीकडून येणाऱ्या प्रत्येकाला त्याच्याबद्दल विचारते. कुणी म्हणतो पाहिला, कुणी म्हणतो मेला, कुणी म्हणतो राजा झाला. मग एक दिवस समोरून एक डोंगा येताना दिसतो. डोंगा म्हणजे नाव. तिच्या घाटावर दुसऱ्या कुणाची नाव कधी येत नाही. सोनई कपाळावर हात धरून बघते. डोंग्यात कुणीतरी उभं आहे. आणि तिथं खट् असा आवाज होऊन कॅसेट संपायची.

“पुढं?” मी पहिल्यांदा विचारलं होतं.

“पुढं टेप नाही.”

“दुसरा भाग असेल ना.”

“सदर बाजार सगळा पालथा घातला. दुकानवाला म्हणते, पार्ट टू आया ही नहीं दीदी.” मग कॅसेट उलटी करून ठेवत म्हणाल्या, “इतके वर्षं हव म्हणून राहिली अन् डोंग्यात कोण आहे ते मले माहीत नाही. आता सांग.”

मी काय सांगणार? मी म्हटलं, भाऊच असेल. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काहीतरी फारच इंग्रजी शाळेतलं बोलले होते.

मग राज्याच्या वाढदिवसाचा सरकारी जलसा आला. निमंत्रणपत्रिकांचे गठ्ठे आधी आवक-जावकमध्येच आले. मॅडमनी एक पत्रिका उघडली, वाचली, खाली ठेवली, पुन्हा उचलली.

“पोट्टी, हे वाच बरं. मले जे दिसून राहिलं तेच आहे का?”

आतल्या पानावर, दोन नृत्यपथकांच्या मध्ये, बारीक अक्षरात मंगतिन बाईंचं नाव होतं.

मॅडमना एवढ्या आनंदात मी त्याआधी पाहिलं नव्हतं. पंडरीत जाऊन त्यांनी नवी साडी घेतली, मेंदी रंगाची, आणि ती बरी दिसते का हे शिपाई भैयालासुद्धा विचारलं. त्या आठवड्यात कॅसेट सकाळीसुद्धा लागायला लागली. “सराव नको का?” त्या म्हणायच्या. “बाईच्या समोर हव चुकीचा पडला तर?” आणि थोड्या वेळानं, स्वतःशीच, “आता समजते डोंग्यात कोण आहे ते.”

मला सोबत न्यायचं कारण त्यांनी उघड सांगितलं. “तू इंग्रजीवाली. गेटवर तुले कोणी अडवत नाही.”

गेटवर कुणीच कुणाला अडवत नव्हतं. पुढच्या रांगांमधल्या खुर्च्यांना पांढरे कापडी झगे घातलेले होते आणि त्या रिकाम्या होत्या. आम्ही मागं बसलो. एक नाच झाला आणि मॅडम एक रांग पुढे सरकल्या. सत्काराच्या वेळी आणखी पुढे. मी त्यांच्यामागून, लोकांच्या पायांना “सॉरी, सॉरी” म्हणत. शेवटी आम्ही झगेवाल्या खुर्च्यांच्या कडेला येऊन पोचलो आणि मला कुठं बघावं ते कळेना.

“और अब,” निवेदक म्हणाला, “लोकगाथा की एक छोटी-सी झलक.”

“झलक काहून?” मॅडम म्हणाल्या.

मंगतिन बाई आल्या. कव्हरवरच्या बाईंपेक्षा त्या बऱ्याच लहानखुऱ्या दिसत होत्या. गोल चेहरा उतरला होता, टिकली मात्र तेवढीच. बरोबर एक म्हातारा रागी आणि एक पेटीवाला. बाई बसल्या, माइककडे त्यांनी जरा संशयानं बघितलं, आणि बोलायला लागल्या. सोनईचीच गाथा. मॅडमनी माझा हात दाबला.

पण बाईंनी कॅसेटसारखी सुरुवात केलीच नाही. त्या आधी मैदानाबद्दल बोलल्या, मग समोरच्या दिव्यांबद्दल, की एवढे दिवे घाटावर असते तर सोनईला भाऊ केव्हाच सापडला असता. लोक हसले. आणि त्या हसण्याच्या मध्येच मॅडमचा आवाज आला, “हव!”

बाईंचं वाक्य अजून संपलेलं नव्हतं.

थोड्या वेळानं पुन्हा, “हव!” आता बाई श्वास घेत होत्या. मग बाई खरोखर थांबल्या, रागीकडे बघितलं, तिथं मॅडम गप्प. आणि बाईंनी सूर उचलला तेवढ्यात, “हव!” पुढच्या खुर्च्यांवरचे एक गृहस्थ वळून बघायला लागले. काय होतंय ते मला कळत होतं. मॅडमना कॅसेट पाठ होती. प्रत्येक थांबा, प्रत्येक खोकला, पोटात घड्याळ असावं तसा. त्या कॅसेटला हव म्हणत होत्या आणि समोर बाई काहीतरी दुसरंच सांगत होत्या.

मी त्यांचा पदर ओढला. त्यांना ते जाणवलंसुद्धा नाही.

पुन्हा एक हव पडला आणि बाई थांबल्या. कपाळावर हात धरून, अगदी सोनईसारख्या, त्यांनी दिव्यांच्या पलीकडे बघितलं. मॅडम सापडल्या.

“ए बहिनी,” बाई माइकमधून म्हणाल्या, “तैं काकर कथा सुनत हस? मोर डोंगा तो अभी घाट ले छूटे नइ हे!”

अगं बहिणी, तू कुणाची गोष्ट ऐकते आहेस? माझी नाव तर अजून घाटावरून सुटलीसुद्धा नाही.

सगळं मैदान हसलं. म्हातारा रागीसुद्धा. आणि बाईही हसत होत्या, हात वर केलेला, कव्हरवर होता तसा. मी मॅडमकडे बघितलं. त्यांची हनुवटी खाली गेली होती, तोंड उघडलेलं होतं, आणि त्यातून काहीच येत नव्हतं.

बाई पुढे सांगायला लागल्या. पण आता त्या प्रत्येक ओळीच्या शेवटी मॅडमकडे बघायच्या आणि अगदी थोड्या थांबायच्या. चिडवत होत्या? की बोलावत होत्या? दर वेळी मला वाटायचं, आता म्हणतील. मॅडम म्हणाल्या नाहीत. दर वेळी रागीनं ती जागा भरून काढली. सोनईनं नावेचा दोर सोडायला हात घातला आणि तेवढ्यात निवेदक घाईघाईनं आत आला. प्रमुख पाहुणे पोचले होते. त्यानं बाईंचे आभार मानले, टाळ्या वाजवायला सांगितल्या. बाई उठल्या, पदर सारखा केला, तंबुरा काखेत घेतला आणि उलट्या बाजूनं निघून गेल्या. आम्ही होतो त्या बाजूला त्यांनी बघितलं की नाही, ते मला दिसलं नाही. मध्ये पाहुण्यांचे पोलीस आले होते.

“संपलं?” मॅडमनी विचारलं.

“हो.”

“डोंगा तर सुटलाच नाही.”

परत येताना सदर बाजारात आमची स्कूटी अडकली. पुढे सायकलरिक्षा, मागे मोटरसायकली, सगळे हॉर्न वाजवत होते. मॅडम मागं बसल्या होत्या. मला न धरता सीटची कड धरून. बऱ्याच वेळानं माझ्या कानामागून आवाज आला.

“मले बहिनी म्हणाली.”

आवाज कापत होता. हसण्यानं की रडण्यानं, ते आरशात बघावं म्हटलं तर आरशात नुसता मेंदी रंगाचा काठ दिसत होता.

पुरानी बस्तीत त्यांना उतरवलं तेव्हा म्हणाल्या, “नाराज झाली का वं ती?”

“नाही मॅडम. हसत होत्या ना.”

“हसत होती म्हणूनच तर विचारून राहिली.”

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत टेपरेकॉर्डर निघाला. मला आश्चर्य वाटलं. कॅसेट लागली, मंगतिन बाईंनी पहिली ओळ म्हटली आणि मॅडम गप्प बसल्या. मी डब्यातला घास तसाच धरून बसले. ओळ संपली, आणि त्या रिकाम्या जागेत एका पुरुषाचा आवाज आला. खर्जातला, जरा घोगरा.

आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं.

“हा कोण?”

“रागी असेल.”

“कवापासून आहे?”

“पहिल्यापासूनच असणार, मॅडम.”

त्यांनी कॅसेट मागे घेतली. पुन्हा लावली. इतके दिवस त्यांच्या ‘हव’खाली तो माणूस पूर्ण झाकून गेला होता. मला तर वाटायचं या कॅसेटवर रागी नाहीच. मॅडम कान टेपला लावून बसल्या. तो नुसता हव म्हणत नव्हता. मध्येच विचारायचा, ‘फेर?’ म्हणजे मग. एके ठिकाणी हसला. एके ठिकाणी ‘अरे राम’ म्हणाला, हळूच, स्वतःशीच.

“हा तर विचारते,” मॅडम म्हणाल्या. “हा विचारते तिले.”

त्या दिवशी त्यांनी कुणाचंही टपाल वेळेवर पाठवलं नाही.

मंगतिन बाईंचं गाव त्यांनी कसं शोधून काढलं, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. बहुतेक फोनवर कुणाला तरी हव म्हणत म्हणत. शनिवारी मला म्हणाल्या, मले पंडरीच्या स्टँडवर सोडून दे. हातात डबा, पाण्याची बाटली. अंगावर नवी साडी नाही, रोजचीच.

“फिर से?” मी विचारलं. घाबरले की मी हिंदीत जायचे.

“मराठीत विचार.”

“पुन्हा हसल्या तर?”

“हसू दे. डोंगा तर सुटंल.”

बसमध्ये खिडकीशी बसल्यावर मी खालून म्हटलं, “सोमवारी मला सांगाल ना, कोण होतं ते?”

“सांगीन. पण तुले हव म्हणावं लागंल. मनातल्या मनात नाही चालत.”

सोमवारी मी लवकर गेले. मॅडम रोजच्यासारख्या पाकिटांना डिंक लावत होत्या. मी मधल्या सुट्टीपर्यंत थांबले. तोपर्यंत त्यांनी विषय काढला नाही.

“भेटल्या?”

“भेटली.”

“गायल्या?”

“अंगणात बसून. पूर्ण.”

“ओळखलं तुम्हाला?”

“बस म्हणाली. जवळ बस म्हणाली.”

“मग? डोंग्यात कोण होतं?”

मॅडमनी हात पुसला. मग पुन्हा पुसला.

“ध्यान नाही राहिलं.”

“म्हणजे?”

“माझं सारं ध्यान हव बरोबर जागी पडते की नाही, इकडं. टेपवरचा विसरायचा अन् हिचा धरायचा. अन् पडला, पोट्टी. एकदम बरोबर पडला. बाईनं मान हलवली. रागी माझ्याकडं पाहून हसला. अन् तेवढ्यात डोंगा घाटाले लागला, कोणी तरी उतरलं, बाया उठल्या, चहा आला.”

“मग बाईंना विचारायचं ना!”

“कसं विचारू? म्हणाली असती, तूच तर हव म्हणून राहिली होतीस.”

मला हसू आलं, आणि त्याच वेळी थोडा रागही आला. इतक्या वर्षांची ती नाव, आणि ती येऊन लागली तेव्हा या हनुवटी खाली करण्यात गुंतलेल्या. की त्यांना माहीत होतं आणि त्या सांगत नव्हत्या? घरी गेल्यावर माझ्या लक्षात आलं, की मी त्या दिवशी नुसते प्रश्नच विचारले होते. हव एकदाही म्हटला नव्हता. ती अट त्यांनी खरंच घातली होती की गमतीत, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी म्हणावा असं ठरवलं. पण विषय निघाला नाही, आणि आपणहून काढणं मला जमलं नाही.

त्यानंतर लवकरच माझं कंत्राट संपलं आणि मला पुण्यात नोकरी लागली. जायच्या आधीच्या शनिवारी मी त्यांना पुन्हा पंडरीला सोडलं. कुठं जाताय, हे विचारायची गरज नव्हती. “या खेपेला ध्यान ठेवतो,” त्या म्हणाल्या. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला, जरा जोरातच. “पुण्यात बोलत जाजो. चुकीचं बोल. कोणी ना कोणी हव म्हणणारं भेटते.”

बसमध्ये त्यांच्या शेजारी एक बाई येऊन बसली, मांडीवर टोपली. खिडकीची काच बंद होती. बाई बसल्या बसल्याच बोलायला लागली, हात नाचवत, काहीतरी मोठं, घरातलं. मॅडम तिच्याकडे वळल्या. मी हात हलवला, त्यांनी बघितलं नाही. बस मागे सरकून वळली. बाईचं वाक्य कुठंतरी संपत होतं, आणि मॅडमची हनुवटी खाली जात होती, तोंड उघडत होतं. बरोबर जागी की थोडं आधीच, ते काचेबाहेरून मला कळलं नाही.